तरंगत्या पाणवनस्पतींवरचे कीटक: नमुना घेण्यापासून ओळख पटवण्यापर्यंत

संथ नदीच्या कडेने साचलेली जलपर्णी उपटायची, पांढऱ्या ट्रेवर झटकायची आणि पडले ते मोजायचे, अशी बहुतेकांची सुरुवात असते. ट्रेमध्ये चार-दोन गोगलगायी आणि एखादा ढेकूण पडतो आणि वहीत 'कीटक कमी' अशी नोंद होते. वास्तविक कीटक भरपूर असतात. झाड पाण्याबाहेर येतानाच चपळ प्राणी मुळांतून निसटतात, तुडतुडे पानांवरून उडून जातात आणि देठाच्या आतल्या अळ्या कितीही झटकले तरी बाहेर येत नाहीत. म्हणून पुढची सगळी पद्धत दोन गोष्टींभोवती बांधलेली आहे: झाड उचलण्याआधीच त्याला वरून आणि खालून कोंडणे, आणि एका झाडाचे तीन मजले वेगळे ठेवणे. पाण्यावरची पाने हा पहिला मजला, देठ आणि गाभा हा दुसरा, मुळांचा झुबका हा तिसरा. या तिन्हींतले कीटक वेगळे असतात, त्यांची श्वास घेण्याची रीत वेगळी असते आणि त्यांना पकडण्याची युक्तीही.

आधी झाड ओळखा

कोणत्या झाडावरून नमुना घेतला हे ठाऊक नसेल तर पुढची ओळख अर्धीच राहते, कारण पाने-देठ खाणारे बरेच कीटक एकाच वनस्पतीला चिकटून असतात.

जलपर्णीचे देठ मोकळ्या पाण्यात फुग्यासारखे असतात. दाटीत वाढलेल्या झाडांचे देठ मात्र उंच, सडपातळ आणि जवळजवळ सरळ होतात, आणि नवख्याला ती दुसरीच वनस्पती वाटते. तिचे जुने शास्त्रीय नाव आयकॉर्निया क्रॅसिपीस, आताचे पाँटेडेरिया क्रॅसिपीस. संदर्भ शोधताना दोन्ही नावांनी शोधा. मुळे पिसासारखी, काळपट-जांभळी. पाण्यात पोषकद्रव्ये भरपूर असली की ती आखूड राहतात, पाणी कसदार नसेल तर बरीच लांब वाढतात. हा तपशील मोजणीच्या वेळी लागणार आहे.

पिस्टियाची मखमली, फिकट हिरवी पाने गुलाबाच्या पाकळ्यांसारखी एका गाभ्याभोवती मांडलेली असतात. सॅल्व्हिनिया हे नेचे आहे. त्याला खरी मुळे नसतातच. मुळांसारखा दिसणारा तपकिरी झुबका म्हणजे पाण्याखाली गेलेले, चिरफाळलेले तिसरे पान. नमुन्यापुरते त्याला 'मूळ' म्हटले तरी चालते, फक्त नोंदीत तसे लिहावे. अझोला आणि लेम्ना इतकी बारीक असतात की त्यांच्यासाठी मोजणीची चौकटच वेगळी लागते.

जागा आणि वेळ

पाण्यावर सलग पसरलेल्या झाडांच्या गालिच्याला इथे 'थर' म्हटले आहे. एकाच थराची कड आणि मध्य या दोन वेगळ्या वस्त्या समजाव्यात. दाट थराखाली उजेड पोचत नाही, कुजणारा पाला ऑक्सिजन खातो आणि वाऱ्याने पाणी ढवळले जात नाही. थराच्या मध्यावर, विशेषतः पहाटे, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला एक मिलिग्रॅमच्याही खाली जाऊ शकतो. तिथे तग धरतात ते मुख्यतः पृष्ठभागावरून हवा घेणारे, म्हणजे भुंगेरे, पाणढेकूण, डासांच्या अळ्या, आणि त्यांच्या जोडीला रक्तात हिमोग्लोबिन असलेल्या लाल कायरोनोमिड (डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माशीच्या) अळ्या. कल्ल्यांनी श्वास घेणारी मेफ्लायची (प्रौढ झाल्यावर थोडाच काळ जगणाऱ्या नाजूक कीटकाची) पिल्ले आणि टाचणीच्या (चतुराच्या सडपातळ भाऊबंदाच्या) बहुतेक अळ्या कडेच्या मीटरभर पट्ट्यात जास्त सापडतात. एकाच ठिकाणाहून नमुना घेऊन 'या नदीत मेफ्लाय नाहीत' असे ठरवणे ही सर्वात स्वस्तात होणारी चूक आहे. कमीत कमी पाच चौकटी कडेच्या आणि पाच मधल्या घ्या. ऑक्सिजनमापक असेल तर दोन्हीकडे मुळांच्या उंचीवर, साधारण दहा सेंटीमीटर खोलीवर, वाचन घ्या आणि वेळ लिहा. वेळेशिवाय ऑक्सिजनच्या आकड्याला काही अर्थ नाही.

थर अडकलेला आहे की वाहत आलेला, हेही लिहा. ब्राझीलमध्ये ॲमेझॉन खोऱ्यात मनौस शहराजवळ पाण्याची पातळी वर्षभरात सुमारे दहा मीटर वरखाली होते. पूर चढताना वरच्या बाजूचे थर तुटून खाली येतात आणि त्यांच्यावरचे कीटकही सोबत येतात. वाहत्या थरावरचा कीटक त्या ठिकाणचा रहिवासी धरता येत नाही.

मुळांच्या नमुन्यासाठी सकाळ बरी, वारा नसतो. पाने खाणारे सोंड्या भुंगे मात्र निशाचर आहेत. दिवसा ते गाभ्यात, नुकत्याच उलगडणाऱ्या पानाच्या सुरळीत दडून बसतात. पानांवर भुंगे दिसले नाहीत म्हणून ते नाहीत असे नाही.

साहित्य

बाजारातली महागडी उपकरणे लागत नाहीत, पण पुढच्या गोष्टींत काटकसर केली तर नमुना फसतो.

- चौकट: आतून ५० × ५० सें.मी., प्लास्टिकच्या पाइपची. तीन बाजू पक्क्या जोडा, चौथी सुटी ठेवा. बंद चौकट गुंतलेल्या झाडांवर वरून बसत नाही. तीन बाजूंची चौकट आडवी सरकवून मग चौथी बाजू अडकवता येते. पाइपची टोके बंद करा, म्हणजे ती तरंगते.
- जाळे: चौकटीपेक्षा थोडे मोठे तोंड असलेले, किमान ६० सें.मी. खोल, ०.५ मि.मी. जाळीचे. लहान कायरोनोमिड आणि नुकत्याच निघालेल्या अळ्या हव्या असतील तर ०.२५ मि.मी. जाळी. ती लवकर तुंबते, त्यामुळे काम दुपटीने हळू होते. सुरुवातीला ०.५ पुरे.
- झाकणाच्या २० लिटरच्या दोन बादल्या. झाकण हवेच.
- दोन चाळण्या: वरची ५ मि.मी., खालची जाळ्याइतकीच.
- पांढरा उथळ ट्रे, मऊ टोकांचा चिमटा, रुंद तोंडाचा ड्रॉपर, दहापट भिंग.
- झाडाला वरून झाकायला पातळ मलमलीच्या पिशव्या.
- छाटणीची कात्री, धारदार पाते.
- ८० टक्के इथेनॉल, घट्ट झाकणाच्या बाटल्या, पेन्सिल, जाड कागदाच्या चिठ्ठ्या.

९५ टक्के इथेनॉलपासून ८० टक्के करायचे असेल तर ८४० मि.लि. इथेनॉलमध्ये पाणी घालून एकूण एक लिटर करा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची आणि बाटलीच्या आत टाकायची. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी नसल्यासारखीच.

नमुना घेणे

१. थरापासून दोन-तीन मीटरवर थांबा आणि पाच मिनिटे नुसते पाहा. नाकतोडे, चतुर, टाचण्या, पाण्याच्या पृष्ठभागावर धावणारे ढेकूण हे तुमच्या पहिल्या धक्क्यालाच निघून जातात. त्यांची नोंद आत्ताच व्हायला हवी. मग हातजाळ्याने पानांच्या शेंड्यांवरून दहा फटके मारा आणि जे आले ते वेगळ्या बाटलीत ठेवा. हे फटके ज्या जागी चौकट ठेवायची तिथे मारू नका.

२. प्रवाहाच्या खालच्या बाजूने जवळ या. वरच्या बाजूने आलात तर होडीने किंवा पायांनी उडालेला गाळ तुमच्याच मुळांत शिरतो.

३. चौकट सरकवून बसवा. जलपर्णीची झाडे आडव्या धावत्या खोडांनी एकमेकांना बांधलेली असतात. चौकटीच्या कडेवर ही खोडे कात्रीने कापा. कडेवरच्या झाडांसाठी नियम आधीच ठरवा: गाभा चौकटीच्या आत असेल तर झाड आत, नाहीतर बाहेर. पाने कुठेही झुकलेली असोत.

४. चौकटीतली तीन झाडे कोणताही विचार न करता निवडा आणि त्यांच्या पानांवर मलमलीची पिशवी वरून अलगद चढवून गाभ्यापाशी सैल बांधा. तुडतुडे, सोंड्या भुंगे आणि पानांवरच्या अळ्या यांची गणना या तीन झाडांवरून करायची आहे. सगळी झाडे झाकायचा प्रयत्न केलात तर धक्क्यांनीच निम्मे कीटक जातील.

५. आता जाळे. ते चौकटीपासून हातभर अंतरावर पाण्यात उभे बुडवा, मुळांच्या टोकांपेक्षा दहा सेंटीमीटर खोल न्या, मग आडवे सरकवून चौकटीच्या बरोबर खाली आणा आणि एकाच संथ हालचालीत सरळ वर घ्या. झटका दिला तर पाणी जाळ्याच्या काठावरून उसळते आणि त्याबरोबर पोहणारे कीटक बाहेर पडतात. अगदी सावकाश घेतले तर पाणभुंगेरे खाली सूर मारतात. सरावासाठी पहिल्या दोन-तीन चौकटी फेकून द्यायच्या हिशेबानेच घ्याव्यात.

६. जाळे पाण्याबाहेर येताच सगळे बादलीत आणि वर झाकण. बादलीत आधीच पाच लिटर पाणी हवे, तेही याच जाळीतून गाळलेले. न गाळलेले पाणी घातले तर नदीच्या पाण्यातले कीटक मुळांच्या खात्यावर जमा होतात.

७. बादलीवरच पिशवीतली पाने गाभ्याच्या वर कापून पिशवीसकट बाजूला काढा. पहिला मजला वेगळा झाला.

लेम्ना आणि अझोलासाठी हे काहीच लागत नाही. १० सें.मी. व्यासाची कडी पृष्ठभागावर ठेवा (क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौ. सें.मी.), आतले सगळे बारीक चाळणीने एका दमात उचला आणि थेट डब्यात घाला.

मुळे धुणे

झाकण लावून बादली तीस सेकंद जोरात हलवा. झाडे एकेक करून बाहेर काढा, प्रत्येकाची मुळे पाण्याखाली बोटांनी विंचरा, मग झाड दुसऱ्या बादलीत. पहिल्या बादलीचे पाणी दोन चाळण्यांतून ओता. वरच्या चाळणीत पाला अडकतो, खालच्या चाळणीत कीटक. असे तीनदा. प्रत्येक धुणे सुरुवातीला वेगळे तपासा: तिसऱ्या धुण्यात एकूण कीटकांच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त निघाले तर चौथे धुणे करायलाच हवे. पिस्टियाला बहुधा तीन पुरतात. लांब मुळांच्या जुन्या जलपर्णीला अनेकदा पुरत नाहीत.

इथे मॅन्सोनिया डासाची वेगळी दखल घ्यावी लागते. बाकीच्या बहुतेक डासांच्या अळ्या हवेसाठी पाण्याच्या पृष्ठभागावर येतात. मॅन्सोनियाची अळी येत नाही. तिच्या श्वासनळीच्या टोकाला करवतीसारखे दात असतात. ते मुळात खुपसून ती झाडाच्या आतली हवा घेते. कोषही तसाच चिकटून राहतो. डबक्यात पळी बुडवून डासांच्या अळ्या मोजण्याची नेहमीची पद्धत इथे जवळजवळ निरुपयोगी ठरते, आणि म्हणूनच ज्या भागात मॅन्सोनियामुळे ब्रुगिया या परजीवी कृमीमुळे होणारा हत्तीरोग पसरतो तिथे झाडेच तपासावी लागतात. जोराने हलवल्यावर अळ्या मूळ सोडतात, पण थोड्याच वेळात पुन्हा चिकटतात. त्यामुळे हलवणे आणि ओतणे यांत वेळ घालवू नका. पिस्टियाच्या पानांची खालची बाजू भिंगाने पाहा: मॅन्सोनियाची अंडी तिथे पाण्याच्या पातळीला पुंजक्याने चिकटवलेली असतात.

मुळांना गाळ फार असेल तर साखरेचे द्रावण वापरा. ३०० ग्रॅम साखर घेऊन पाणी घालत एकूण एक लिटर करा. याची घनता साधारण १.१ होते. चाळलेला माल ट्रेमध्ये घालून वर हे द्रावण ओता आणि हलकेच ढवळा. बहुतेक कीटक वर येतात, वाळू-गाळ खाली राहतो. अंगाभोवती नळीसारखे घर बांधणाऱ्या कॅडिसफ्लायच्या (पतंगासारख्या दिसणाऱ्या पाणकीटकाच्या) अळ्या आणि गोगलगायी वर येत नाहीत, म्हणून तळाचा गाळही एकदा नजरेखालून घाला. निवडलेले कीटक साध्या पाण्याने धुवूनच अल्कोहोलमध्ये टाका.

जिवंत असताना पाहा

हे काम टाळण्याचा मोह होतो, पण ओळखीचा अर्धा भाग इथेच होतो. मेलेल्या कीटकाचा रंग जातो, चाल जाते, श्वास घेण्याची पद्धत तर कळतच नाही. धुतलेला नमुना दोन-तीन सें.मी. पाण्याच्या पांढऱ्या ट्रेमध्ये ओता आणि दोन मिनिटे हात न लावता बघा.

पृष्ठभागावर शेपूट टेकवून लटकणारा गुळगुळीत भुंगेरा बहुधा डायटिसिड. तो हवा पंखांखाली साठवतो. डोके वर आणून मिशांनी पृष्ठभाग फोडणारा, पोटाखाली चांदीसारखा हवेचा थर चमकणारा भुंगेरा हायड्रोफिलिड. काडीसारखा, मागे लांब श्वासनळी असलेला, पुढचे पाय नमस्कारासारखे धरलेला तो रानात्रा. चपटा, अंडाकृती, तपकिरी ढेकूण ज्याच्या पाठीवर अंड्यांचा थर चिकटलेला आहे तो डिप्लोनिकसचा नर. मादी त्याच्या पाठीवरच अंडी घालते. त्याला बोटाने उचलू नका, चावा झोंबतो. दोन-तीन मिलिमीटरचा, फुगीर, पोट वर करून पोहणारा दाणा प्लीआच्या कुळातला.

शेपटीला पानांसारखे तीन कल्ले असतील तर टाचणीची अळी. कल्ले सहज तुटतात, त्यामुळे तीनऐवजी एकच दिसला तरी गोंधळू नका. आखूड, दणकट, शेपटीला कल्ले नसलेली आणि खालचा ओठ घडी घालून चेहऱ्याखाली ठेवलेली ती चतुराची. शेपटीला तीन बारीक तंतू आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले असतील तर मेफ्लाय. त्यात पोटाच्या पाठीवर दोन चौकोनी झाकणे दिसली तर सीनिस कुळ. ही झाकणे मागचे कल्ले गाळापासून वाचवतात, आणि म्हणूनच गाळाने माखलेल्या मुळांत इतर मेफ्लायपेक्षा हे कुळ जास्त टिकते.

अळीसारखे दिसणारे, पुढे आणि मागे एकेक जोडी खोट्या पायांचे, वळवळणारे ते कायरोनोमिड. दोऱ्यासारखे बारीक, ताठ आणि सापासारखी नागमोडी पोहणारी अळी सेराटोपोगोनिड. पाल्याच्या तुकड्यांची नळी ओढत चालणारी अळी कॅडिसफ्लायची असू शकते किंवा एलोफिलासारख्या पाणपतंगाची. नळीतून बाहेर काढून पाहा. पतंगाच्या अळीला पोटाखाली मऊ, आकड्यांच्या खोट्या पायांच्या जोड्या असतात, कॅडिसफ्लायला फक्त शेपटीच्या टोकाला दोन आकडे.

आठ पाय मोजले गेले तर तो कीटक नाही. पाणकोळी आणि लाल कोळी फेकू नका, पण त्यांचा रकाना वेगळा ठेवा.

पाहून झाले की लगेच मारा. चतुराची अळी, डिप्लोनिकस आणि डायटिसिड अळ्या एका बाटलीत इतरांबरोबर तासभर जरी राहिल्या तरी मोजायला उरतात त्याच. नमुन्याच्या तिप्पट अल्कोहोल घाला आणि २४ तासांनी बदला. झाडांतले आणि कीटकांतले पाणी अल्कोहोल पातळ करते, आणि न बदललेल्या बाटलीत आठवड्याभरात कुजकट वास येतो. देठातल्या जाड अळ्या थेट अल्कोहोलमध्ये टाकल्या तर काळ्या पडतात. आधी उकळत्यापेक्षा किंचित कमी गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, मग अल्कोहोल.

देठ आणि गाभा

धुतलेल्या झाडांतली दहा झाडे घ्या. प्रत्येक देठ धारदार पात्याने उभा चिरा, टोकापासून गाभ्यापर्यंत. बोगद्याचा रंग तपकिरी असतो, निरोगी गर पांढरा. बोगद्याच्या शेवटी अळी सापडते. तिला पाय नसतील, शरीर दुधी आणि डोके पिवळट-नारिंगी असेल तर ती निओकेटिना या सोंड्या भुंग्याची. पाय असतील तर पतंगाची: अंगावर गडद ठिपके असलेली निफोग्राप्टा ही त्यातली एक. जलपर्णीच्या पानाच्या पात्यात शिरांना समांतर, बारीक, फिकट पट्ट्या दिसल्या तर ते ऑर्थोगॅलुम्ना या कोळ्याचे बोगदे. कीटकांच्या खात्यात त्यांना घालू नका.

प्रौढ निओकेटिना चार-पाच मिलिमीटरचा असतो. पानावर तो कुरतडून खळगे करतो, आरपार भोक नाही. हे खळगे मोजणे हा भुंगा न पकडता त्याचा वावर मोजण्याचा सोपा मार्ग आहे. सर्वात कोवळे पूर्ण उलगडलेले पान सोडून त्याच्या पुढचे, म्हणजे दुसरे पान नेहमी घ्या. जुन्या पानांवर महिनाभराचे खळगे साचलेले असतात, तुलना होत नाही. जाती दोन: निओकेटिना आयकॉर्नीच्या पंखकवचांवर मध्याजवळ दोन समांतर, काळे, चकचकीत उंचवटे लांब आणि पुढच्या बाजूला असतात. निओकेटिना ब्रुकीमध्ये ते आखूड असतात आणि कवचावर फिकट तपकिरी, रुंद, कोनाकृती पट्टा दिसतो. हा पट्टा खवल्यांचा असतो, घासून जातो. जुन्या भुंग्यात उंचवट्यांवरच भरवसा ठेवा. अळी वाढून झाली की मुळांत जाते आणि मूळतंतूंचा कोश विणून पाण्याखालीच कोषावस्थेत जाते. म्हणजे एकाच कीटकाची अंडी आणि अळी दुसऱ्या मजल्यावर, कोष तिसऱ्यावर, प्रौढ पहिल्यावर. मुळे धुताना सापडलेले हे वाटाण्याहून लहान तपकिरी गोळे गाळ समजून फेकले जातात. फोडून पाहा.

हे भुंगे मूळचे दक्षिण अमेरिकेतले. जलपर्णीच्या नियंत्रणासाठी फ्लोरिडात आयकॉर्नी १९७२ मध्ये आणि ब्रुकी १९७४ मध्ये सोडले गेले आणि पुढे उष्ण कटिबंधातल्या अनेक देशांत नेले गेले. त्यामुळे आज आशिया-आफ्रिकेतल्या नदीत निओकेटिना सापडला तर नवल नाही, पण तो स्थानिक प्राण्यांच्या यादीत मांडू नये.

सॅल्व्हिनियावरचा सिर्टोबॅगस जेमतेम दोन मिलिमीटरचा, काळा. ओळख चुकली की काय होते याचे उदाहरण म्हणून त्याची हकीकत माहीत असावी. सॅल्व्हिनिया मोलेस्टा ही वेगळी जात आहे हे १९७२ पर्यंत नीट स्पष्ट नव्हते. चुकीच्या सॅल्व्हिनियावरून आणलेले कीटक या तणावर चालले नाहीत. झाडाचे खरे मूळस्थान आग्नेय ब्राझीलमध्ये सापडल्यावर तिथला भुंगा १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात मूनडारा तलावात सोडला, आणि त्याने थर संपवला. तोपर्यंत त्याला सिर्टोबॅगस सिंग्युलॅरिस समजले जात होते. ती वेगळी जात, सिर्टोबॅगस साल्विनी, असल्याचे १९८५ मध्ये नोंदवले गेले. पापुआ न्यू गिनीत हाच भुंगा सुरुवातीला बसेना, कारण तिथल्या सॅल्व्हिनियात नायट्रोजन कमी होते. युरिया दिल्यावर तो वाढला आणि सेपिक नदीवर पसरला. तेव्हा झाडाचा रंग, पिवळट की गडद हिरवा, ही नोंद फालतू समजू नका.

सॅल्व्हिनियातले आणि अझोलातले भुंगे हाताने वेचत बसण्यापेक्षा बर्लीस नरसाळे वापरा: जाळीवर झाडे पसरा, वर ४० वॅटचा दिवा, खाली अल्कोहोलची बाटली, ४८ तास. झाडे वरून वाळत जातात तसे कीटक खाली सरकतात. जास्त वॅटचा दिवा लावला तर पळायच्या आत ते वाळून मरतात. देठाच्या आतल्या आणि कोशातल्या अळ्या मात्र या नरसाळ्यातून येत नाहीत, त्यासाठी चिरण्याला पर्याय नाही.

मोजणी

५० × ५० सें.मी. चौकट म्हणजे पाव चौरस मीटर. नमुना फार मोठा असेल तर चाळणीत समान पसरून त्याचे चार भाग करा आणि एकच मोजा. पाव भागात ३७ टाचणी अळ्या मिळाल्या तर चौकटीत १४८, चौरस मीटरला ५९२.

मुळांतल्या कीटकांसाठी हा आकडा पुरेसा नाही. एका ठिकाणी मुळे वीतभर, दुसरीकडे हातभर असतील तर चौरस मीटरला मिळालेल्या संख्येतला फरक मुळांचा असतो, कीटकांचा नसतो. म्हणून चौकटीतली सगळी मुळे कापून ६० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, बहुधा ४८ तास. वरच्या उदाहरणात वाळलेली मुळे १८५ ग्रॅम भरली तर १०० ग्रॅम मुळांमागे ८० अळ्या. दोन्ही आकडे द्या. ओल्या वजनावर हिशेब करू नका: ही झाडे बहुतांशी पाणीच असतात आणि निथळायला पाच मिनिटे जास्त दिली की वजन बदलते.

कुळापर्यंत ओळख पटली तरी चालते. जातीचे नाव खात्रीशिवाय लिहू नका. अळ्यांवरून जात ओळखणे बहुतेक गटांत कठीण असते. टाचणी, पतंग आणि डासांच्या काही अळ्या जिवंत ठेवून प्रौढ होऊ द्या आणि अळीची कात त्याच बाटलीत जपून ठेवा, म्हणजे अळी आणि प्रौढ यांची सांगड घालता येते. टाचणीला चढायला पाण्याबाहेर काडी हवी, नाहीतर ती निघतानाच बुडते.

सुरक्षितता आणि आवराआवर

कोपरापर्यंत हातमोजे आणि उंच बूट. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या काही भागांत तरंगत्या झाडांना चिकटलेल्या बायोम्फॅलेरिया गोगलगायींतून शिस्टोसोमा या परजीवी कृमीच्या सूक्ष्म अळ्या पाण्यात येतात आणि कातडीतून शरीरात शिरतात. थर जमिनीसारखा दिसला तरी त्यावर पाय देऊ नका, माणसाचे वजन तो पेलत नाही आणि खाली गेल्यावर वर यायला जागा सापडत नाही. जिथे मगरी आहेत तिथे थराच्या कडेला होडीतूनच काम करा. इथेनॉल पेट घेते, होडीच्या इंजिनापासून दूर ठेवा.

नमुन्याची झाडे दुसऱ्या पाण्यावर नेऊन धुऊ नका. जलपर्णीचा गाभ्याचा तुकडा किंवा सॅल्व्हिनियाचा एक सांधासुद्धा नवा थर सुरू करतो. काम संपल्यावर उरलेला पाला पुराच्या रेषेच्या वर, उन्हात पसरून पूर्ण वाळू द्या. जाळे, चाळण्या, होडीचा तळ त्याच काठावर घासून धुवा आणि दुसऱ्या पाण्यात उतरवण्याआधी कोरडे करा. बुटांना लागलेला चिखलही तिथेच काढायचा, कारण जलपर्णीचे बी चिखलात अनेक वर्षे जिवंत राहते.